ती लढत धरू नको

९ फेब्रुवारी, रविवार

आज गावच्या मंडळाच्या सभेत माझं नाव पुकारलं गेलं, आणि पहिल्यांदाच ते कुणाचा फॉर्म भरून देण्यासाठी नव्हतं.

बॉक्सिंग हॉल बांधून झाला आहे. रिंग बसली, पंखे लागले, दारावरचं नाव तेवढं बाकी आहे. ठराव असा की गावातल्या सगळ्यात मोठ्या बॉक्सरचं नाव द्यायचं. ठराव एकमताने झाला आणि नंतर कुणाचंच कुणाशी पटेना. अर्धं करंजाडे म्हणतं महादेव गायकर, अर्धं म्हणतं शैलेश मढवी. महादेव गायकर म्हणजे माझा आजा. गोदीत कामाला असताना गोदीच्या संघातून लढायचा, सत्तरच्या दशकात. गावात बॉक्सिंग आणलं त्यानेच. शैलेशकाका त्याचा चेला. नव्वदच्या दशकात राष्ट्रीय स्पर्धेत पदकं मिळवली, आणि आज गावातल्या पोरापोरींना तेच शिकवतात.

शेवटी अध्यक्ष हरेशभाऊ उठले आणि म्हणाले, आपल्या गावात स्टॅटिस्टिक्स शिकलेली मुलगी आहे, तिलाच विचारू, तिने शिमग्याआधी अहवाल द्यावा, तो सगळ्यांनी मानावा. टाळ्या पडल्या. मी उभी राहून सांगितलं की एक उमेदवार माझा आजा आहे, त्यामुळे मी निर्णय देणं योग्य नाही. 

हरेशभाऊ म्हणाले, "अगो बाय, शैलेशला तुझी आई दरसाल त्याच्या घरी जाऊन राखी बांधते. गावात परका कोन हाय? परका पायजे तर त्या नव्या टॉवरमधून आनावा लागंल."

सगळे हसले. मग मी हो म्हटलं.

ते दोघेही सभेला नव्हते. एक येणार असला की दुसरा येत नाही, गावाला हे अंगवळणी पडलंय. मी जन्मल्यापासून त्यांना एकमेकांशी बोलताना पाहिलेलं नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे. माझ्या जन्माच्या आधी गावदेवीच्या जत्रेत लोकांनी हट्टाने गुरू-चेल्याची लढत लावली. आजा जिंकला. तरण्याताठ्या शैलेशकाकांना पन्नाशीला आलेल्या माणसाने हरवलं, ते त्यांच्या मनाला लागलं, आणि बोलणं थांबलं. मला वाटतं, माणसं हार मनाला लावून घेतात कारण त्यांच्यापुढे नीट मोजमाप ठेवलेलं नसतं. माझा अहवाल निःपक्षपाती झाला तर कदाचित हेही सुटेल.

घरात पदवी घेतलेली मी पहिली. या शिक्षणाचा गावाला उपयोग व्हावा असं मी कॉलेजात असल्यापासून म्हणत आले. आता करून दाखवायचं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मी शिकवते त्या क्लासमधून परत येताना पनवेलला एसटी स्टँडसमोर रिक्षा भरायची वाट बघत बसले होते, तेव्हा तक्त्याचे रकाने ठरवले. लढती, विजय, प्रतिस्पर्ध्याचा दर्जा, ताकद, वेग, बचाव, कारकिर्दीची लांबी. घरी येऊन भरायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडकले.

आज्याच्या लढतींची नोंदच नाही. पेपरची कात्रणं होती, ती जुन्या घराच्या पेटीत वाळवीने खाल्ली. प्रतिस्पर्धी कोण होते विचारलं तर म्हणतो, "येक रशियन खलाशी होता, त्याच्या मानंवर मगर काढलेली." याला दर्जाचे किती गुण द्यायचे? त्याच्या वेळी डोक्याला हेडगार्ड नव्हतं. शैलेशकाकांच्या वेळी हेडगार्ड सक्तीचं होतं, आणि पंच बटणं दाबून गुण द्यायचे. म्हणजे आज्याला पडलेला ठोसा आणि काकांना पडलेला ठोसा एकच आहे का? बरं, आजा दिवसभर पोती वाहून संध्याकाळी लढायचा. काकांना खेळाडू म्हणून नोकरी होती, सरावाला सुट्टी मिळायची. पण म्हणूनच काकांचे प्रतिस्पर्धीही दिवसभर सराव करून आलेले असायचे.

मोठमोठ्यांच्या बाबतीतही लोकांना हे सुटलेलं नाही. इंटरनेटवर जो लुई मोठा, अली मोठा की टायसन, यावर माणसं अजून भांडतात. लुईने जवळजवळ बारा वर्षं किताब सोडला नाही, पण त्याच्यासमोर अली नव्हता. त्या काळी पंधरा राउंड असायचे, आता बारा असतात. टायसनला पंधरा राउंड लढवलं असतं तर? कुणाला माहीत.

तरी मला वाटतं, पद्धत चांगली असेल तर उत्तर निघतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज आज्याची रीतसर मुलाखत घेतली. तो ओट्यावर फाटलेलं जाळं तुणत बसला होता. जाळं टाकायला जागा उरली नाही, तरी तुणतो. मी म्हटलं, आजा, आता मी तुझी नात नाही, मंडळाची प्रतिनिधी आहे. तर म्हणाला, मग मंडळाला सांग पहिला चाय टाक.

स्वतःबद्दल फार बोलत नाही. ताकद किती होती विचारलं तर बोट दाखवून म्हणाला, ती भिंत हाय ना, तिच्यापेक्षा कमी. बचाव विचारला तर नाक दाखवलं, ते डावीकडे वाकलंय. पण शैलेशकाकांचा विषय निघाला (मला रकाना भरायचा होता म्हणून मीच काढला) तेव्हा जाळं मांडीवर ठेवलं.

"त्याच्यासारका डावा हात मी गोदीत नाय बघितला, कुठंच नाय बघितला," तो म्हणाला. "निघाला कवा ते कळायचा नाय. लागल्यावर कळायचा."

मला एवढ्या स्पष्ट साक्षीची अपेक्षा नव्हती. मी लगेच लिहून घेतलं. मग मुख्य मुद्द्यावर आले. दोन काळांतले खेळाडू एकमेकांशी लढलेले नसतात, हीच सगळी अडचण असते. पण आपल्याकडे तर ते दोघे प्रत्यक्ष लढलेत! लुई आणि अलीच्या बाबतीत जे जगाला मिळालं नाही, ते करंजाड्याकडे आहे. मी त्याला म्हटलं की प्रत्यक्ष लढतीला मी सगळ्यात जास्त गुण ठेवलेत.

त्याने जाळं परत हातात घेतलं आणि एक गाठ आवळली. मग म्हणाला, "ती लढत धरू नको."

मी विचारलं, का? तू जिंकलास ना?

"धरू नको बोललो ना बाय."

विनय चांगला गुण आहे, पण तक्त्यात त्याला रकाना नाही. मी लढत धरली.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मिठागराच्या बाजूच्या जुन्या शेडमध्ये गेले. हॉल उघडेपर्यंत सराव तिथेच चालतो. दिपिका पंचिंग बॅगवर होती. ती माझ्या चुलतकाकांची मुलगी, यंदा राज्य स्पर्धेला निवडली गेली आहे. मला बघून म्हणाली, "आली बघा इन्कम टॅक्सवाली."

शैलेशकाकांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः टायरवर बसले. त्यांची माहिती नीट मिळाली, सगळी प्रमाणपत्रं प्लास्टिकमध्ये. ती बघताना माझ्या लक्षात आलं की कागद ज्याचे टिकतात तो तक्त्यात मोठा दिसतो. हे अहवालात टीप म्हणून घालायला हवं.

जत्रेतल्या लढतीबद्दल विचारलं. ते म्हणाले, धर. मी हरलो, सगळ्या गावाने बघितलंय.

मी सांगितलं की आजा ती धरू नको म्हणतो.  मग मला वाटलं की साक्ष दोन्ही बाजूंना माहीत असावी, म्हणून आजा डाव्या हाताबद्दल काय म्हणाला ते शब्द न् शब्द वाचून दाखवलं. काका उठले आणि बॅगचा पट्टा आवळायला लागले. पट्टा सैल नव्हता, दिपिका नुकतीच त्यावर ठोसे मारत होती. पाठ माझ्याकडे करूनच त्यांनी विचारलं, "जेवतो का नीट हल्ली?"

मी सांगितलं, मासळी असली की जेवतो, भाजी असली की कुरकुरतो.

"अजून तसाच हाय," ते म्हणाले. नंतर मी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी चुकीची दिली, वजनगटही चुकीचा सांगितला. दमले असावेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक विलक्षण गोष्ट वाचनात आली. अमेरिकेत फार पूर्वी कुणीतरी अली आणि मार्सियानो यांची लढत कॉम्प्युटरवर लावली. मार्सियानो एकही लढत न हरता निवृत्त झालेला, वय झालेला. अली तरुण, पण तेव्हा त्याला खेळायला बंदी होती. दोघांना रिंगमध्ये आणून नुसता अभिनय करायला लावला, हातचं राखून ठोसे मारायला लावले, त्याचं चित्रण केलं, आणि मग कॉम्प्युटरने सांगितलं ते शेवट म्हणून दाखवलं. मार्सियानो जिंकला. पण तो निकाल लोकांना दिसण्याआधीच तो विमान अपघातात गेला होता.

जेवताना मी हे आज्याला उत्साहाने सांगितलं. माझ्या मनात होतं की सिम्युलेशनची कल्पना त्याला समजावून सांगावी.

त्याने विचारलं, "म्हंजे खोटं खोटं मारलं त्यांनी येकमेकांना?"

हो, म्हटलं.

"आनी त्या म्हाताऱ्याला ठाव होतं?"

मी म्हटलं, अर्थात, दोघांनाही ठरवून सांगितलं होतं. तो म्हणाला, मग त्याचं बरं होतं. आणि ताट बाजूला केलं. बोंबील होते, तरी. आईने मला विचारलं की तू काय बोललीस. मी काहीच वावगं बोलले नव्हते.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मला स्वतःचा अभिमान वाटला. नीट लिहून ठेवते.

दुपारी दिपिका आली. हातात ओली गोणी, आणि त्यात एवढा मोठा जिताडा की शेपूट बाहेर राहिली होती. शैलेशकाकांच्या भावाच्या तळ्यावरचा. म्हणाली, सरांनी पाठवलाय.

आमच्या भागात जिताडा कशाला पाठवतात हे मला कुणी शिकवायला नको. सातबारा अडकला, जिताडा पाठव. मोजणी हवी, जिताडा पाठव. साहेबाची बदली होईपर्यंत त्याच्या घरी जिताडे जात राहतात. लहानपणापासून बघत आले आणि तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या दारात असा मासा आला तर आपण घ्यायचा नाही. अहवाल पूर्ण व्हायच्या आतच तो आला.

मी दिपिकाला शांतपणे सांगितलं की हे योग्य नाही. काकांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे परत ने. निकाल गुणांवर लागेल.

दिपिका म्हणाली, "अगं मासा आहे तो."

मी म्हटलं, मला माहीत आहे तो काय आहे.

ती गोणी घेऊन गेली. आई पनवेलला बाजारात होती, आजा झोपला होता. त्यामुळे वाद झाला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वाद झाला.

आईला विहिरीवर कुणीतरी सांगितलं. ती घरात आली ती थेट माझ्यासमोर. मी शांतपणे लाचेची व्याख्या सांगायला सुरुवात केली.

"जिताडा परत केलास?" एवढंच ती परत परत म्हणत होती. "दारात आलेला जिताडा? शैलेशच्या घरचा?"

मी म्हटलं, मंडळाने नेमलेल्या माणसाला उमेदवाराने काही देणं...

"तुला कोन देतंय गो? तुला मासा कापता तरी येतो? त्यानं कुनासाठी पाठवला आसंल? सारी वर्षं त्या घरातून या घरात मिठाचा खडा आला नाय. त्यानं येक पाऊल टाकलं आनी तू त्याच्या तोंडावर दार लावलंस."

तेव्हा मला 'जेवतो का नीट हल्ली' आठवलं.

आजा आतल्या खोलीच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं.  नुसतं आईला विचारलं, किती मोठा होता. आईने दोन हात पसरून दाखवलं. तो ओट्यावर गेला आणि जाळं न घेता बसला.

२ मार्च, रविवार

हरेशभाऊंकडून कळलं की शैलेशकाकांनी आपलं नाव मागे घेतलं. संध्याकाळी आज्याने मला सांगितलं की माझंही काढ. आता तक्त्यात रकाने आहेत आणि एकही माणूस नाही. हरेशभाऊ मात्र म्हणतात, अहवाल पुढच्या रविवारी सभेत वाचायचाच.

दिपिका बोलत नाही माझ्याशी. फोनवर एवढंच म्हणाली की सर पॅड धरतात पण लक्ष नसतं, आणि राज्य स्पर्धा जवळ आलीय. मग म्हणाली, "तू आकडे शिकलीस ते ठीक आहे. माणसं ऑप्शनला टाकली होतीस का?"

बोलणं लागलं. मी जे केलं ते तत्त्वाने बरोबर होतं असं मला अजून वाटतं, आणि तरी ते चूक होतं. हे दोन्ही एका वेळी कसं खरं असू शकतं ते मला कळत नाही.

५ मार्च, बुधवार

क्लासला सुट्टी टाकली आणि शैलेशकाकांच्या घरी गेले. माफी मागितली. काय बोलायचं ते रिक्षात बसून ठरवलं होतं, पण तिथे गेल्यावर मी नुसतं म्हणाले, काका, मला वाटलं तो माझ्यासाठी आहे.

ते हसले. म्हणाले, तुझ्यासाठी एवढा मोठा कशाला पाठवीन? तुला बांगडा पुरला असता.

मग चहा झाल्यावर ते आपण होऊन बोलले.

"त्या जत्रेत मी लढलोच नव्हतो," ते म्हणाले. "समोर उभे राहिले तेव्हा मला त्यांची कानशिलं दिसली, पांढरी. ज्यांनी मला मूठ वळायला शिकवलं त्यांना गावासमोर पाडू? हात खाली सोडला. त्यांचा उजवा आला, घेतला, बसलो खाली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मला वाटलं, बरं झालं."

मी विचारलं, मग?

"मंडपामागे भेटले. म्हणाले, भीक घातलीस मला. तेवढंच. त्यानंतर नाय."

म्हणजे शैलेशकाकांनी हार मनाला लावून घेतली हे साफ खोटं आहे, आणि गाव इतकी वर्षं तेच सांगतंय. मी त्यांना विचारलं की तुम्ही कधी कुणाला का सांगितलं नाही. ते म्हणाले, सांगितलं असतं तर त्यांचा तो विजयही गेला असता. शेवटचा होता.

घरी येताना मी हाच विचार करत होते. पुरावा म्हणून धरलेली सगळ्यात मोठी गोष्ट पुरावाच नव्हती. प्रत्यक्ष लढत रद्द करावी लागेल. म्हणजे दोघांच्या बाबतीत जगासारखीच अडचण आपल्यालाही आहे, ते कधी लढलेच नाहीत. आज्याचे सगळ्यात जास्त गुण जातील. त्याला कसं सांगायचं?

६ मार्च, गुरुवार

सांगितलं. खोटा विजय त्याच्या नावावर ठेवणं मला जमलं नसतं, मग तो रागावला तरी चालेल असं ठरवून सांगितलं. आजा, ती लढत मी तक्त्यातून काढली. काकांनी त्या दिवशी हात खाली सोडला होता.

मला वाटलं होतं, तो कोसळेल. त्याने एवढंच विचारलं:

"कुनी सांगितलं?"

काकांनीच.

"त्याच्या तोंडानं? स्वता बोलला तो?"

मी हो म्हटलं. त्याने मला ते परत सांगायला लावलं, पहिल्यापासून, चहा झाल्यावर काय म्हणाले तिथून. कानशिलांचं सांगितलं तेव्हा स्वतःच्या कानशिलावरून हात फिरवला. मग विचारलं, हे सभेत वाचनार का. मी म्हटलं, तू नको म्हणालास तर नाही वाचणार.

"वाच," तो म्हणाला. "समद्यांसमोर वाच. आनी शैलेशला सांग, ये म्हनावं."

गुण गेल्यावर माणूस इतका खूश झालेला मी पाहिला नव्हता. मला वाटतं, त्याला माझी पद्धत आता पटू लागली आहे.

आईला म्हणाला, उद्या भाजी केलीस तरी चालंल.

८ मार्च, शनिवार

काकांना निरोप दिला. ते बघू म्हणाले. आईने फोन केला तेव्हाही बघू म्हणाले. उद्या ते आले नाहीत तर? सगळ्या गावासमोर मी वाचीन की महादेव गायकर जिंकले नव्हते, आणि ज्याच्यासाठी ते ऐकायला आज्याने मान्य केलं तो माणूसच तिथे नसेल. आज दोनदा अहवालातून तो परिच्छेद काढला आणि दोनदा परत घातला.

आज्याने सदरा इस्त्रीला दिलाय.

९ मार्च, रविवार

सभा नव्या हॉलमध्येच भरली, रिंगच्या भोवती खुर्च्या टाकून. पेंटर आधीच येऊन शिडीवर बसला होता, नाव कळलं की रंगवायला. आजा पहिल्या रांगेत होता. काकांची खुर्ची रिकामी होती. मी दाराकडे बघत वाचायला सुरुवात केली, म्हणून माझी पहिली दोन पानं फार वाईट वाचली गेली.

ग्लोव्हज, हेडगार्ड, राउंड, पंच, गोदीतली पोती, वाळवी, सगळं वाचलं. लोक कंटाळले. मगर गोंदवलेल्या खलाशाला तेवढा हशा मिळाला. मग मी त्या परिच्छेदावर आले आणि थांबले. तेव्हा मागच्या बाजूला दिपिका दिसली, आणि तिच्या मागे दाराच्या चौकटीला टेकून शैलेशकाका. आत आले नव्हते, पण आले होते.

मी वाचलं. जत्रेतली लढत तुलनेसाठी ग्राह्य धरता येत नाही, कारण एका खेळाडूने गुरूच्या आदरापोटी आपला बचाव सोडला होता, आणि हे त्याने स्वतः सांगितलं आहे.

एकदम कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याची अब्रू घेतली नातीनेच.  आजा उठला. मला वाटलं निघून चालला. तो रिंगच्या पायऱ्यांपाशी गेला, दोरी धरून वर चढला, कुणाला हात लावू दिला नाही. कोपऱ्यातल्या ग्लोव्हजच्या दोन जोड्या उचलल्या.

"शैलेश," तो म्हणाला. "वर ये."

काका सगळ्या खुर्च्यांमधून चालत आले. वर चढले. आज्याच्या पाया पडायला वाकले, तर आज्याने त्यांना खांद्याला धरून सरळ उभं केलं.

"ते नंतर. हात वर घे."

दिपिकाने दोघांना ग्लोव्हज बांधून दिले. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. आज्याने डावा पाय पुढे टाकला, गुडघा थरथरत होता, आणि उजवा मारला. कसला मारला, नुसता पुढे आणला. काकांचा हात होता छातीपाशी. ठोसा त्यांच्या हनुवटीला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आज्याने टाळ्यांकडे बघितलंही नाही. "परत?" तो काकांना म्हणाला. "परत भीक?"

काकांचा चेहरा पडला. मी खालून बघत होते. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा इतका लहान मुलासारखा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी हात वर घेतला. आज्याने परत उजवा मारला. काकांनी अडवला. ग्लोव्हजवर ग्लोव्हज आपटल्याचा आवाज आला. परत मारला, परत अडवला. तिसऱ्या वेळी आजा जरा उघडा पडला, आणि काकांचा डावा हात आला. निघाला कधी ते मला दिसलं नाही. आज्याच्या उजव्या गालावर लागला तेव्हा दिसलं. हलका होता, पण खरा होता.

आई किंचाळली. आजा दोन पावलं मागे गेला, दोरीला टेकला, आणि हसायला लागला. काका धावले तर आजा त्यांच्या गळ्यात हात टाकून, ग्लोव्हजसकट, त्यांच्या कानात काहीतरी बोलत राहिला. काका नुसती मान हलवत होते. काय बोलला ते दोघांपैकी कुणी सांगितलेलं नाही.

नंतर हरेशभाऊंनी मला विचारलं, मग शेवटी मोठा कोण? मी अहवालाचं शेवटचं पान वाचलं. वेगवेगळ्या काळांतले खेळाडू एका मापाने मोजता येत नाहीत. मोजणाऱ्याला जे मोजता येतं तेच तो मोजतो. लोकांनी ते ऐकलं नाही, कारण रिंगमध्ये ते दोघे आधीच वाद घालत होते. आजा म्हणत होता की गुडघा बरा असता तर तो डावा चुकवला असता. काका म्हणत होते की तुमी विशीत असता तरी चुकला नसता. काही लोक एकाच्या बाजूने बोलू लागले, काही दुसऱ्याच्या, आणि सभा तशीच मोडली. संध्याकाळ होत आली तसा पेंटरने वैतागून दारावर 'बॉक्सिंग हॉल, करंजाडे' एवढंच रंगवलं आणि निघून गेला.

१० मार्च, सोमवार

आज्याच्या गालावर लालसर वळ आलाय. आईने हळद लावून ठेवली होती, त्याने पुसून टाकली. सकाळपासून ओट्यावर बसलाय, आतल्या बाजूला नाही, रस्त्याच्या बाजूला तोंड करून, तो गाल बाहेर दिसेल असा.

दूधवाल्याने विचारलं, आबा, काय लागलं? टॉवरमधल्या एक बाई चालायला जातात, त्यांनी काळजीने विचारलं, पडलात का? प्रत्येकाला तो मान वर करून एकच सांगतोय, आणि सांगताना त्याचा आवाज आत स्वयंपाकघरापर्यंत येतोय.

"पडलो नाय. शैलेशनं मारलं."